पर्ल : डीबीडी::मायएसक्यूएल बसता बसेना. सुडो लावलं की एक चूक, नाही लावलं की दुसरीच

पेढीवरचा_पोरगा (सांगली) | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

मामांची हळदीची पेढी आहे, मार्केट यार्डात. सौदा झाला की शेतकऱ्याला जी पट्टी देतात (वजन, दर, हमाली-तोलाई वजा, हातात काय), ती एका जुन्या पर्ल प्रोग्रॅममधून निघते. ब्राउझरमध्ये भरायचं, डॉट मॅट्रिक्सवर छापायचं. ज्यांनी लिहिला ते कधीच सांगली सोडून गेले. प्रोग्रॅम उबुंटू १६.०४ वर चालायचा. २०१९ ला पेढीत पाणी शिरलं, तेव्हा ते मशीन उचलून माळ्यावर ठेवलं, ते तिथंच राहिलं. परवा त्याचा पॉवर सप्लाय गेला. डिस्क धड आहे.

नवीन मशीन घेतलं, डेबियन १२ टाकलं, जुन्या डिस्कवरची होम डिरेक्टरी ठिपक्याच्या लपलेल्या फायलींसकट जशीच्या तशी आणली. मारियाडीबी (मायएसक्यूएलचाच भाऊबंद डेटाबेस) टाकून डेटाबेसचा बॅकअप त्यात चढवला. बिल्ड-इसेन्शियल टाकलंय, म्हणजे जीसीसी आणि मेक आहेत. कुठंतरी वाचून डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह पण टाकलंय. मग (सीपॅनएम म्हणजे पर्लची मॉड्यूल उतरवून बसवणारं साधन, डीबीडी::मायएसक्यूएल म्हणजे पर्लला डेटाबेसशी जोडणारं मॉड्यूल):

सीपॅनएम डीबीडी::मायएसक्यूएल

उत्तर येतं, "कॉन्फिगर फेल्ड फॉर डीबीडी-मायएसक्यूएल, सी बिल्ड डॉट लॉग". तेच सुडो लावून (म्हणजे रूट या मुख्य वापरकर्त्याच्या अधिकारानं) केलं तर डीबीआय (डेटाबेसशी बोलायचं मूळ मॉड्यूल, डीबीडी त्याच्यावर चालतं) नव्यानं उतरवतो, बांधतो, बसवतो, आणि मग डीबीडीला वेगळ्याच कारणानं पडतो. काहीतरी मारियाडीबीवरून तक्रार आहे. तीन तास झाले. बुधवारी सौदे आहेत.

(कमांड देवनागरीत लिहितोय, आपल्या इथला नियम. टर्मिनलात अर्थातच रोमनमध्ये टाकलंय.)

भडंगवाला | सोमवार, रात्री ९.५२

भावा, डबल डॅश फोर्स लाव नि मोकळा हो. मी कायम तेच करतो.

पेढीवरचा_पोरगा | सोमवार, रात्री १०.०१

लावलं. सुडो लावून आणि न लावता, दोन्ही. ढिम्म.

मिरजेची_तार | सोमवार, रात्री १०.१५

भडंगवाला, तुमचं फोर्स कधी उपयोगी पडतं ते तरी माहीत आहे का? मॉड्यूल बांधून झालं, टेस्ट नापास झाल्या, तरी बसव, एवढंच ते सांगतं. इथे गाडी टेस्टपर्यंत पोचलेलीच नाही, कॉन्फिगरमध्येच अडकली आहे. तिथे फोर्सला काही अर्थ नाही. आणि ज्या प्रोग्रॅममधून लोकांना पैशाची पट्टी जाते, तिथे टेस्ट नापास झालेला डेटाबेस ड्रायव्हर घालायचा? मी नाही घालणार.

पेढीवरच्या पोरा, तू शीर्षकातच उत्तर लिहिलं आहेस आणि तुझं तुला दिसत नाहीये. सुडोनं एक चूक, बिनसुडोनं दुसरी. मॉड्यूल तेच, मशीन तेच, बदललं काय? वापरकर्ता आणि त्याचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या नावे लावून ठेवलेली व्हेरिएबल. एवढी माहिती टाक:

पर्ल -व्ही (मोठा व्ही, अगदी शेवटी ॲट-इंकची यादी येते ती, म्हणजे पर्ल मॉड्यूल कुठल्या फोल्डरांत शोधतं ते)

एन्व्ह | ग्रेप पर्ल (पर्ल कॅपिटलमध्ये)

आणि होममधल्या डॉट-सीपॅनएम फोल्डरमधला बिल्ड डॉट लॉग. शेवटची ओळ नको, ती "फेल्ड" एवढंच म्हणते. डीबीडीचं कॉन्फिगर सुरू होतं तिथून खालच्या पहिल्या दहा ओळी टाक.

पेढीवरचा_पोरगा | सोमवार, रात्री १०.३४

ताई, हे घ्या. बिनसुडोचा लॉग, डीबीडीचं मेकफाइल डॉट पीएल (बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट) चालायला लागल्या लागल्या पहिलीच ओळ:

"डीबीआय डॉट सी: लोडेबल लायब्ररी अँड पर्ल बायनरीज आर मिसमॅच्ड", पुढे हँडशेक की अमुक मिळाली, तमुक हवी होती, असे दोन लांब आकडे.

ॲट-इंकमध्ये सगळ्यात वर: होम / पेढी / पर्ल५ / लिब / पर्ल५, आणि त्याच्यातलंच एक्स८६_६४ वालं फोल्डर. त्याच्याखाली ईटीसी, युएसआर-लोकल वगैरे.

एन्व्हमध्ये पर्ल५लिब आहे, ते त्याच फोल्डरकडे बोट दाखवतंय. मी असलं काही सेट केलेलं नाही, शप्पथ.

कृष्णाकाठ (पुणे, मूळचा हरिपूरचा) | सोमवार, रात्री १०.४१

तू नाही केलंस. तुझ्या प्रोग्रॅमवाल्यानं पूर्वी केलं होतं, बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना आपोआप वाचली जाणारी लपलेली फाइल). तू होम डिरेक्टरी लपलेल्या फायलींसकट आणलीस, तेव्हा तेही आलं. घर बदललं पण जुन्या घराची किल्ली खिशातच राहिली, असा प्रकार.

मिरजेची_तार | सोमवार, रात्री ११.०५

हां, तेच. आता नीट सांगते, कारण हे पुन्हा पुन्हा होतं आणि दर वेळी लोक नवनवीन मॉड्यूल उतरवत बसतात.

पर्लची मॉड्यूल दोन जातीची. एक शुद्ध पर्लची, म्हणजे साधी मजकुराची फाइल. चोपडीत लिहिलेल्या हिशेबासारखी, कुठल्याही मुनिमाला वाचता येते. ५.२२ वर लिहिलेली बहुतेक ५.३६ वरही चालतात. दुसरी एक्सएसवाली. यांच्यात सी असतं, ते कंपाईल होऊन डॉट-एसओ फाइल बनते. ही किल्ली त्या त्या कुलपाला घासूनच केलेली असते. ५.२२ वर बांधलेली डॉट-एसओ ५.३६ ला चालत नाही. पूर्वी अशा वेळी पर्ल तडक कोसळायचं किंवा अगम्य काहीतरी बोलायचं. आता ते आधी हँडशेक करून बघतं, जुळलं नाही तर सरळ नाही म्हणतं. म्हणजे हा एरर तुझ्या भल्यासाठीच आहे. डीबीआय एक्सएसवालं आहे.

उबुंटू १६.०४ वर पर्ल ५.२२ होतं, डेबियन १२ वर ५.३६ आहे. जुन्या माणसानं लोकल::लिब वापरून सगळी मॉड्यूल होममधल्या पर्ल५ फोल्डरात बसवली होती. करताना बरोबरच केलं होतं त्यानं, सिस्टिमच्या पर्लला हात लावला नाही. पण त्या फोल्डरच्या नावात पर्लची आवृत्ती नसते. दोन्ही मशीनवर आर्किटेक्चरचं नावही तेच. त्यामुळे नव्या पर्लला ते आपलंच वाटतं, आणि पर्ल५लिबमुळे सगळ्यात आधी तिथेच शोधतं.

राहिला प्रश्न सीपॅनएमचा. डीबीआय मोडकं असताना त्यानं "आहे की, पुढे चला" का म्हटलं? कारण ते मॉड्यूल चालवून बघत नाही. डीबीआय डॉट पीएम फाइल उघडतं, व्हर्जनचा आकडा वाचतं, पुरेसा असला की पुढे. डबा उघडून बघतच नाही, चिठ्ठी वाचतं. मग डीबीडीच्या मेकफाइलनं खरोखर डीबीआय लोड करायला घेतलं आणि तिथे भांडं फुटलं. म्हणून नाव डीबीडीचं आलं, दोष डीबीआयचा.

आणि सुडो? सुडो पर्ल५लिब पुढे जाऊच देत नाही, सुरक्षेसाठी काढून टाकतं. रूटला जुनं फोल्डर दिसलंच नाही, म्हणून त्यानं डीबीआय नव्यानं बांधलं आणि तू पुढच्या खड्ड्यापर्यंत पोचलास. दोन खड्डे आहेत, एकामागे एक.

पहिल्याचं औषध सोपं आहे. पर्ल५ फोल्डर पुसू नको, नाव बदलून पर्ल५-जुनं असं ठेव. बॅशआरसीमधल्या लोकल::लिबच्या ओळींपुढे हॅश टाक. नवीन टर्मिनल उघड, जुन्यात व्हेरिएबल तसंच राहतं.

भडंगवाला | सोमवार, रात्री ११.१२

ताई, डबा-चिठ्ठीचं आवडलं. फोर्सबद्दलचं मागे घेतो. अर्धं.

पेढीवरचा_पोरगा | सोमवार, रात्री ११.३०

केलं. हँडशेक गेलं! आता सुडोशिवायही तीच मारियाडीबीची तक्रार. एवढ्यावर आनंद मानावा का कळत नाही.

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ११.४४

मान. चूक बदलली म्हणजे आपण हललो.

दुसरा खड्डा सांगतो. तू सीपॅनएमला नुसतं डीबीडी::मायएसक्यूएल सांगितलंस की ते सगळ्यात ताजी आवृत्ती आणतं, म्हणजे ५ ची मालिका. २०२३ मध्ये ही मालिका आली तेव्हापासून ती बांधायला मायएसक्यूएल ८ ची क्लायंट लायब्ररी लागते, मारियाडीबीची चालत नाही. आणि डेबियनमध्ये "डीफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह" या पॅकेजच्या नावात मायएसक्यूएल असलं तरी आत मारियाडीबीच असते. पाटी एकाची, दुकान दुसऱ्याचं. उबुंटूवर तेच नाव खऱ्या मायएसक्यूएलकडे जातं, म्हणून उबुंटूवाल्यांचे सल्ले वाचून डेबियनवाले फसतात.

माझा सल्ला, डीबीडी::मारियाडीबी वापर. वेगळं मॉड्यूल आहे, दोन्ही डेटाबेसशी बोलतं, युनिकोड नीट सांभाळतं. प्रोग्रॅममध्ये कनेक्टच्या ओळीत डीबीआय:मायएसक्यूएलच्या जागी डीबीआय:मारियाडीबी करायचं.

मिरजेची_तार | मंगळवार, सकाळी ७.२०

कृष्णाकाठ, नव्या कामाला मीही तेच सांगितलं असतं. इथे नाही.

युनिकोड नीट सांभाळतं हाच इथला धोका आहे. तो प्रोग्रॅम दहा-बारा वर्षं बाइट जसेच्या तसे इकडून घेऊन तिकडे ओततोय. डीबीडी::मारियाडीबी त्याला बाइट देत नाही, सोडवलेली अक्षरं देतं. मग प्रिंटला "वाइड कॅरेक्टर इन प्रिंट" सुरू होईल. कुठे एन्कोडिंगचा थर लावायचा, कुठे आधीच दोनदा एन्कोड झालंय, हे शोधत बसावं लागेल. शेतकऱ्याचं नाव पट्टीवर वेडंवाकडं छापलं गेलं तर तो मुलगा पेढीवर बसून काय सांगणार, युनिकोड सुधारलंय?

शिवाय मायएसक्यूएलची जी खास ॲट्रिब्यूट वापरली असतील, म्हणजे मायएसक्यूएल_ नं सुरू होणारी, ती तिथे मारियाडीबी_ नं सुरू होतात. कोड चाळावा लागेल. उद्या सौदे आहेत. आज मशीन बदललं आहे, पर्ल बदललं आहे. तिसरी गोष्ट आजच बदलायची नाही.

डेबियननं ४ ची मालिका तयार बांधून ठेवली आहे, मारियाडीबीसकट चालणारी. ॲप्टनं, म्हणजे डेबियनच्या पॅकेज बसवायच्या साधनानं, ती येते:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबडीबीडी-मायएसक्यूएल-पर्ल

बारावर ४.०५० मिळेल. डीबीआय आपोआप सोबत येईल. कंपाईल नाही, लॉग नाही, काही नाही.

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ७.५५

मान्य. घाईत नवं सुचवलं. पण दिवाळीनंतर कधीतरी तिकडे जायला हवं, एवढं माझं म्हणणं नोंदवून ठेवा.

पेढीवरचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ८.१०

तीन तास सीपॅनएमशी झगडलो आणि ॲप्टमध्ये एका ओळीत होतं?? कुणी आधी का नाही सांगितलं.

मिरजेची_तार | मंगळवार, सकाळी ८.३१

आधी ॲप्ट केलं असतंस तरी जुन्या फोल्डरमुळे तोच हँडशेकचा एरर आला असता, ॲप्टचं डीबीआय यादीत खाली राहिलं असतं. म्हणून आधी तो काटा काढला.

हो, सुडोनं जे डीबीआय बसलंय ते काढ. ते युएसआर-लोकलमध्ये गेलंय आणि डेबियनच्या ॲट-इंकमध्ये युएसआर-लोकल हे ॲप्टच्या फोल्डरच्या वर असतं. आज अडणार नाही. पण पुढे ॲप्टनं नवं डीबीआय आणलं, तरी पर्ल हे जुनंच आधी उचलेल. आणि डेबियनचं डेबकॉन्फसारखं घरचं सामान स्वतःच पर्लमध्ये आहे, तेसुद्धा याच वाटेनं मॉड्यूल शोधतं. सिस्टिमच्या पर्लखाली सुडोनं काही कोंबू नये ते यासाठी.

सुडो सीपॅनएम --अनइन्स्टॉल डीबीआय

मग ॲप्टचं पॅकेज. मग तपास:

पर्ल -एमडीबीडी::मायएसक्यूएल -ई १

काहीही न बोलता प्रॉम्प्ट परत आला तर बसलं.

पेढीवरचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ९.०२

काहीही बोललं नाही!!

पण प्रोग्रॅम चालवला तर आता सीजीआय डॉट पीएम (ब्राउझरमधून भरलेलं वाचणारं मॉड्यूल) सापडत नाही म्हणतोय. सीजीआय तर पर्लसोबतच येतं ना?

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९.१०

यायचं. ५.२२ पासून, म्हणजे २०१५ पासून, गाभ्यातून काढलंय. तुझ्याकडे ते त्या जुन्या फोल्डरात होतं, तू ते बाजूला केलंस. ॲप्टमध्ये लिबसीजीआय-पीएम-पर्ल.

एकेक एरर येईल तसं टाकत बसू नको, नाहीतर दुपार होईल. प्रोग्रॅमच्या फोल्डरात उभा राहून "यूज" आणि "रिक्वायर" नं सुरू होणाऱ्या ओळी ग्रेपनं काढ, सगळ्या फायलींतल्या. यादी इथे टाक.

डेबियनची नावं पाडायची रीत सरळ आहे: मॉड्यूलचं नाव बारीक अक्षरात, दोन अपूर्णविरामांच्या जागी आडवी रेघ, पुढे लिब, मागे पर्ल. एक्सेल::रायटर::एक्सएलएसएक्स असेल तर लिबएक्सेल-रायटर-एक्सएलएसएक्स-पर्ल. एलडब्ल्यूपीसारखे एखादे अपवाद, ते लिबडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-पर्ल मध्ये असतं.

पेढीवरचा_पोरगा | मंगळवार, सकाळी ९.४८

यादी: स्ट्रिक्ट, सीजीआय, डीबीआय, पॉसिक्स, एक्सेल::रायटर::एक्सएलएसएक्स. आणि घरच्या दोन फायली, हिशोब डॉट पीएल आणि छपाई डॉट पीएल. शिवाय प्रत्येक स्क्रिप्टच्या डोक्यावर "यूज लिब" करून जुन्या पर्ल५ फोल्डरचा पत्ता.

सीजीआय आणि एक्सेलवालं ॲप्टनं बसलं. आता "कान्ट लोकेट हिशोब डॉट पीएल इन ॲट-इंक". फाइल त्याच फोल्डरात आहे हो. समोर दिसतीये. एलएस केलं तर दिसतीये!

भडंगवाला | मंगळवार, सकाळी ९.५५

हे मला येतं!! माझ्यावर पण आलंतं. ५.२६ पासून पर्ल चालू फोल्डरात बघत नाही. ॲट-इंकमधला ठिपका (म्हणजे चालू फोल्डर) काढलाय त्यांनी २०१७ ला. कुणीतरी वाईट फाइल त्या फोल्डरात ठेवली तर चुकून ती लोड व्हायची, म्हणून.

मिरजेची_तार | मंगळवार, सकाळी १०.०४

शाब्बास. अर्धं नाही, पूर्ण मागे घेतलेलं धरते.

पोरा, डोक्यावरची ती "यूज लिब" ओळ तशीही मेली आहे, ते फोल्डरच आता नाही. तिच्या जागी दोन ओळी:

यूज फाइंडबिन;
यूज लिब $फाइंडबिन::बिन; (पत्ता दुहेरी अवतरणात घाल)

स्क्रिप्ट जिथे आहे तिथेच तिच्या सोबतच्या फायली शोध, असा अर्थ. नुसतं रिक्वायरमध्ये ठिपका-तिरकी रेघ लावूनही चालतं, पण मग स्क्रिप्ट दुसऱ्या फोल्डरातून, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) वगैरे चालवली की पुन्हा बोंब.

पर्ल_यूज_अनसेफ_इंक नावाचं एक व्हेरिएबल आहे, ते १ केलं की ठिपका परत येतो. कुणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगते: लावू नको. एक लपलेलं व्हेरिएबल विसरलं गेल्यामुळेच हा धागा निघाला आहे.

पेढीवरचा_पोरगा | मंगळवार, दुपारी १२.२०

निघाली!! गेल्या वर्षीची एक जुनी पट्टी पुन्हा काढून बघितली, जुन्या कागदाशेजारी ठेवून. वजन, दर, वजावट, रुपये-पैसे सगळं तंतोतंत. नावातला "ऱ्हा" पण नीट आला. मामा म्हणाले, मग कालपासून एवढं काय करत होतास?

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १२.३१

मामांना सांग, पेव उघडलं होतं.

(हरिपूरचे नसलेल्यांसाठी: आमच्याकडे हळद जमिनीतल्या पेवात साठवायचे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते. उतरणारा घाईचा असला की जीवावर बेतायचं.)

मिरजेची_तार | मंगळवार, दुपारी १.१५

एक काम आजच कर, डोक्यात ताजं आहे तोवर. प्रोग्रॅमच्या फोल्डरात सीपॅनफाइल नावाची फाइल कर आणि त्यात लागणारी मॉड्यूल एकेका ओळीत लिही. डीबीडी::मायएसक्यूएलपुढे "५ च्या खाली" अशी अट घाल. पुढे कुणाला सीपॅनएमनंच बसवायचं असेल तर डबल डॅश इन्स्टॉलडेप्स आणि ठिपका, एवढं पुरतं, आणि ते ५ ची मालिका उचलून आणणार नाही. त्याच्यातच वरती टिपणीत ॲप्टची तीन पॅकेजं लिहून ठेव.

आणि जुनी डिस्क माळ्यावरच राहू दे.

पेढीवरचा_पोरगा | मंगळवार, दुपारी १.४०

लिहिलं. कागदावर पण लिहून मशीनच्या कॅबिनेटच्या आत चिकटवलंय. ताई, मिरजेला आलो की भडंग घेऊन येतो.

भडंगवाला | मंगळवार, दुपारी १.४२

माझ्याकडनंच घे.

वाईकर_गणपतीघाट (वाई, सातारा) | मंगळवार, संध्याकाळी ६.१८

मलापण सेम प्रॉब्लेम आहे. मेल पाठवायच्या स्क्रिप्टसाठी नेट::एसएसएलईएवाय बसत नाही, ओपनएसएसएलच्या हेडर फायली सापडत नाहीत म्हणतं. वरचं सगळं केलं, पर्ल५ फोल्डरचं नाव पण बदललं. तरी नाही.

मिरजेची_तार | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

सेम नाही. तुमच्याकडे लिबएसएसएल-डेव्ह आणि झेडलिब१जी-डेव्ह नाहीत. ती दोन ॲप्टनं टाका आणि पुन्हा सीपॅनएम चालवा. किंवा सरळ लिबनेट-एसएसएलईएवाय-पर्ल घ्या.

फोल्डरचं नाव आधी परत बदला, त्यात तुमची चालू मॉड्यूल असतील. नाही बसलं तर लॉगसकट नवा धागा काढा.